किल्लीची खोली

सुधींद्रने पणजोबांना खिळ्यावर अडकवले आणि स्टुलावर उभ्याउभ्याच मागे वळून विचारले,

“सरळ आहेत का?”

“स्वल्प डावीकडं,” त्याची बायको शालन खालून म्हणाली. “अजून. आय्तु, झालं. आता आजींना घ्या, आणि जपून. मागच्या वेळी त्यांची काच तडकवलीत.”

“मागच्या वेळी तू आपल्या विराटचा फोन घेतलास आणि हात सोडलास.”

“बरं, मी सोडला. धरा आता.”

राजाजीनगरच्या त्या घराला नुकताच रंग दिला होता. भिंतींचा वास अजून ओला होता. रंगारी असेपर्यंत सगळी चित्रे जुन्या चादरींत गुंडाळून पलंगाखाली ठेवली होती. सुधींद्रने भिंत रंगवण्याआधी प्रत्येक खिळ्याची जागा पेन्सिलीने कागदावर उतरवून घेतली होती आणि आता त्याच जागी खिळे ठोकले होते. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो तयार मालाचा तपासनीस होता. घरातही त्याचा हात तसाच चाले.

चित्रे बारा होती आणि सगळी एकाच जातीची: फ्रान्समधल्या जुन्या महालांतल्या आणि हवेल्यांतल्या खोल्या. दगडावर काढून छापलेल्या, मग हाताने रंग भरलेल्या. सोनेरी पायांच्या खुर्च्या, छतापासून जमिनीपर्यंत पडदे, झुंबरे, रेशमी भिंती. माणूस मात्र एकाही खोलीत नव्हता. सुधींद्रचे पणजोबा तुकोजी दंडू भागात, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीत, सोफे बनवत. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या कुटुंबाच्या लिलावात त्यांनी खुर्च्या उचलल्या, त्यांच्याबरोबर हा संचही आला. दुकानात ते गिऱ्हाइकांपुढे चित्र धरत आणि विचारत, अशी हवी की तशी? चित्रांच्या कडांवर त्या गिऱ्हाइकांच्या अंगठ्यांचे तेलकट ठसे अजून होते. पुढे छापील फोटोंची पुस्तके मिळू लागली तेव्हा चित्रे घरी आली.

घरी पणजीने ती भिंतीकडे तोंड करून उभी केली. रिकामे घर भिंतीवर लावायचे नाही, असे तिचे म्हणणे. राहायला कोणीतरी पाहिजे. तुकोजी वारले तेव्हा तिने दुकानाच्या फोटोतून त्यांना कात्रीने कापून घेतले आणि पहिल्या चित्रात, झुंबराखाली, खळीने चिकटवले. तेव्हापासून घरातले माणूस गेले की त्याला खोली मिळे. पणजी गेल्यावर रिकाम्या खोल्याही भिंतीवर लागल्या. पक्षाच्या पंधरवड्यात काचा पुसल्या जात आणि महालय अमावास्येला प्रत्येक चित्राखाली पान वाढले जाई. एकच गोष्ट वर्ज्य होती. जिवंत माणूस चित्रात घालायचा नाही.

खाली फ्रेंचमध्ये काय छापले आहे ते घरात कोणाला कधी कळले नाही. खोल्यांना घरचीच नावे पडली. झुंबराची, पियानोची, हिरव्या पलंगाची. प्रत्येक खोलीत संगमरवराची एक कोनाड्यासारखी जागा होती आणि तीत विस्तव. पणजीने ती चूल ठरवली. बसायच्या खोलीत चूल मांडणाऱ्या लोकांबद्दल तिचे मत वाईट झाले, पण बायकांना कुठे उभे करायचे हा प्रश्न सुटला. पुढे सुधींद्रच्या मुलीने, रक्षिताने, शाळेच्या पुस्तकात वाचून सांगितले, की ती चूल नव्हे, ती खोली गरम ठेवायची शेगडी. सगळे हसले. तोवर खळ वाळली होती. नंतर गेलेल्या बायकाही तिथेच उभ्या राहिल्या.

“बाबा,” शालन म्हणाली आणि पियानोची खोली वर दिली.

वडिलांना, विठोजींना, चार वर्षांपूर्वी सुधींद्रने स्वतः चिकटवले होते. लांब सोफ्यावर, पण मधोमध नव्हे. विस्तवाकडच्या बाजूला त्याने मोजून जागा सोडली होती आणि त्या जागेत बसेल एवढ्या आकाराचा आईचा फोटोही छापून आणला होता. तो पाकिटात घालून कपाटात ठेवला होता. आईला त्याने तेव्हाच सांगितले होते. गोजराबाई कानडीत “सरी”, म्हणजे बरं, म्हणाल्या होत्या आणि त्याने ते होकार म्हणून घेतले होते.

गोजराबाई आत्ता मधल्या घरात जमिनीवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. तुकोजींपासून विठोजींपर्यंत सगळ्यांनी सोफे बनवले, पण घरातल्या बायकांची बैठक जमिनीवरच राहिली होती. मधल्या घरातून चारी खोल्या दिसत. खोल्यांना दारे होती; ती लावायची पद्धत नव्हती. पडदे होते.

“किल्लीची कुठं आहे?” त्यांनी विचारले.

सुधींद्र स्टुलावरून उतरला. विठोजी आणि आजी यांच्यामध्ये एक खिळा मोकळा होता.

“ती मुग्धाला दिली. रक्षिताच्या ऑफिसातली. पुण्याची, उंच आहे बघ ती. रंगाच्या वेळी दोघी आल्या होत्या, तू देवळात गेली होतीस.”

“दिली म्हणजे?”

“आवडली तिला. पैसे देऊन घेतली. बाकीच्यांना हात लावू दिला नाही मी. तीच एक रिकामी होती, आई. तिच्यात कोणी नव्हतं.”

गोजराबाईंनी एक शेंग मोडली, शीर ओढून काढली.

“बघितलंस?”

“काय?”

“कोणी नव्हतं ते.”

“इतकी वर्षं काच मीच पुसतोय.”

त्यांनी आणखी दोन शेंगा मोडल्या.

“अमावास्येच्या आत आण. माझी आहे ती.”

शालनने हातातली चादर खाली ठेवली. “अत्ते, तुमची जागा मामंजींच्या शेजारी काढून ठेवलीय की यांनी. माप घेऊन.”

“बघितलीय.”

“मग?”

“चुलीपाशी आहे,” गोजराबाई म्हणाल्या आणि शेंगांचे पातेले घेऊन आत गेल्या.

सुधींद्रने गच्चीवर जाऊन मुग्धाला फोन लावला. काय बोलायचे ते त्याने जिन्यात ठरवले होते. पैसे परत करतो, वर दुसरे काही पाहिजे असेल तर आणून देतो. त्याला ते बोलायला मिळाले नाही.

“काका! मी तुम्हाला कॉल करणारच होते. अहो, फ्रेमवाल्यानं ते मागून ओपन केलं ना, तर मिररमध्ये एक पॅच निघाला. म्हणजे शेगडीच्या वर आरसा आहे बघा, त्यात. कागदाचा छोटा तुकडा चिकटवलाय कोणीतरी. इतका सफाईनं, की मला कळलंच नाही. तो म्हणतो, सोमवारी काढून देतो. वाफेनं निघेल, खाली ओरिजिनल क्लीन असणार.”

“कसला तुकडा?”

“फोटोचा वाटतो. थांबा, पाठवते.”

फोटो आला. सुधींद्रने तो बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा. मग खाली जाऊन कारखान्याच्या पिशवीतले भिंग काढले आणि फोनवर धरले.

खोली त्याच्या ओळखीची होती. पिवळ्या पट्ट्यांची भिंत, एक आरामखुर्ची, खिडकीशी लिहायचे छोटे मेज, आणि उजवीकडे बंद दार. दाराच्या कुलपात आतल्या बाजूने किल्ली. तिच्यावरून नाव पडले होते. विस्तवाच्या वर सोनेरी चौकटीचा आरसा होता आणि आरशात करंगळीच्या नखाएवढी एक बाई होती. डोक्यावरून पदर, खांद्यापर्यंतचे शरीर. मूळ फोटो काळापांढरा असणार, पण तिला कशात तरी बुडवून तपकिरी केले होते, म्हणून ती आरशातल्या सावल्यांत मिसळून गेली होती. कॉफीत, त्याला वाटले.

त्याने कपाट उघडले. सगळ्यात खालच्या खणात आयुधपूजेचा मोठा फोटो होता. दुकानाच्या अंगणात झेंडूच्या माळा घातलेली यंत्रे, पुढे पुरुष आणि मुले, मागच्या रांगेत बायका. तो स्वतः पुढे कोणाच्या तरी मांडीवर होता, टोपी घालून. मागच्या रांगेत, आजीच्या बाजूला, एक भोक होते. त्या जागी गोजराबाई होत्या आणि त्या जागेला कसर लागली, असे घरात सगळे म्हणत. सुधींद्रही म्हणत असे.

त्याने भोकाच्या कडेवर भिंग धरले. कड सरळ होती. खांद्यापाशी ती वळली होती, पदराच्या टोकाशी पुन्हा वळली होती. कसरीचे हे काम नव्हते.

शालन त्याच्या मागे येऊन उभी होती. तिने भिंग त्याच्या हातून घेतले, भोकावरून फिरवले, मग फोनवरून.

“कारखान्यात केसाएवढा ओरखडा दिसतो म्हणे तुम्हाला,” ती म्हणाली.

त्याने मुग्धाला पुन्हा फोन लावला.

“तो तुकडा काढू नकोस. त्याला सांग, हातसुद्धा लावायचा नाही.”

“ओके, ओके. मी आजच परत आणते त्याच्याकडून. पण काका, कोण आहे ती?”

“माझी आई.”

“ओह. आय ॲम सो सॉरी, काका. कधी गेल्या?”

“आत भाजी चिरतेय.”

मुग्धा म्हणाली, “सॉरी, मला कळलं नाही,” आणि सुधींद्र म्हणाला, “मलाही.”

स्वयंपाकघरात गोजराबाई विळीवर बसल्या होत्या. सुधींद्र पडद्यापाशी उभा राहिला. त्याला विचारायचे होते. कधी केलेस, हेही त्यात होते आणि का, हेही. त्या फोटोत आई पंचविशीची होती. पंचविशीच्या, दोन मुलांच्या, घरात सासू आणि दोन जावा असलेल्या बाईने, जिवंतपणी, स्वतःला. पणजीचा नियम तिला ठाऊक नव्हता असे होणे शक्य नव्हते. त्याने पडद्याची चूण नीट केली.

“सापडली?” गोजराबाईंनी मान वर न करता विचारले.

“हो. इंदिरानगरला आहे. रविवारी जाऊन आणतो.”

“मी येते.”

“तू कशाला? तिसऱ्या मजल्यावर राहते ती.”

“लिफ्ट नाही?”

“आहे.”

“मग?”

रविवारी ते रिक्षाने निघाले. गोजराबाईंनी अमावास्येला नेसायचे म्हणून ठेवलेले मोतिया रंगाचे लुगडे नेसले होते. मेट्रोच्या खांबांखालून जाताना रिक्षावाल्याने विचारले, “अज्जी, मदुवेगा?” लग्नाला का, असे. गोजराबाई म्हणाल्या, लग्नाला नाही, घर बघायला. रिक्षावाला म्हणाला, इंदिरानगरात घर? अज्जी, मलाही ठेवा मग. त्या हसल्या. सुधींद्रने गेल्या काही दिवसांत त्यांना हसताना पाहिले नव्हते.

मुग्धाने दार उघडले आणि वाकून नमस्कार केला. हॉलमध्ये बबल रॅपची गुंडाळी आणि चिकटपट्टी काढून ठेवलेली होती.

“आजी, मी फ्रेम बदललीय, तेवढं फक्त. जुनी फ्रेम पण ठेवलीय, दोन्ही घेऊन जा. पैशांचं नंतर बघू, काका. कॉफी करते आधी.”

गोजराबाई बसल्या नाहीत. त्यांनी हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिले, बाल्कनीत वाळत घातलेले दोन कुडते पाहिले. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला उपडा होता.

“अजून कोण असतं इथं?”

“कोणी नाही. मी एकटीच.”

“एकटी,” गोजराबाई म्हणाल्या. “आईवडील?”

“पुण्यात. येतात अधूनमधून. आले की आई माझा फ्रिज लावते आणि भांडण होतं.”

“कामावरून आलीस की दार कोण उघडतं?”

“मीच. किल्ली असते ना माझ्याकडे.”

“आणि बाहेर जाताना कोणाला सांगून जातेस?”

मुग्धाने सुधींद्रकडे पाहिले, मग पुन्हा त्यांच्याकडे. “कोणाला सांगणार?”

गोजराबाईंनी मान डोलावली. उत्तर पसंत पडले की नाही ते त्यावरून कळले नाही.

चित्र आतल्या खोलीत होते. पलंग, कामाचे टेबल, खिडकी, आणि टेबलासमोरच्या भिंतीवर फक्त ते. फिक्या लाकडाच्या नव्या चौकटीत पिवळी भिंत आधीपेक्षा पिवळी दिसत होती. गोजराबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर आरशाकडे गेली नाही. त्या चित्राच्या डावीकडची मोकळी भिंत पाहत होत्या, मग उजवीकडची.

“शेजारी कोणी नाही?”

“नाही. मला रिकामी भिंत आवडते,” मुग्धा म्हणाली. मग जरा थांबून, “खाली लिहिलंय ना आजी, ते मी फोनवर ट्रान्सलेट केलं. साधारण असं आहे, की ही बाईंची स्वतःची बसायची खोली.”

“ते लिहायला कशाला लागतं?” गोजराबाई म्हणाल्या.

सुधींद्र त्यांच्या मागे उभा होता. एवढ्या अंतरावरून आरशातली बाई नुसता एक तपकिरी ठिपका होती. घरातल्या सगळ्या बायका विस्तवाच्या बाजूला उभ्या होत्या. ही आरशात होती, म्हणजे तिथे नव्हती. आरशात जी दिसते ती खोलीच्या अलीकडच्या बाजूला असते, चित्र पाहणारा उभा असतो तिथे. हा हिशेब त्याने मनात दोनदा तपासून पाहिला.

“काढू का, आई?” त्याने चौकटीला हात लावला.

“थांब. घरी कुठं लावणार?”

“त्याच जागी. खिळा तयार आहे.”

“बाबांच्या आणि आजींच्या मधे.”

“तिथंच होती की पहिल्यापासून.”

“होती,” गोजराबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “बेडा. नको काढू. इथंच असू दे.”

“पण तूच म्हणालीस, अमावास्येच्या आत...”

“मी बघितली नव्हती तेव्हा. कुठं गेली ते.”

“आजी,” मुग्धा म्हणाली, “खरंच घेऊन जा. ती तुमची आहे.”

“माझीच आहे. म्हणून तर सांगते.” त्या तिच्याकडे वळल्या. “तो तुकडा निघाला तर पुन्हा चिकटव. मैद्याची खळ करायची, गोंद नको. गोंद पिवळा पडतो.”

“हो, आजी.”

सुधींद्रचा हात अजून चौकटीवर होता. “आणि पुढं?” तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. “म्हणजे, बाबांच्या शेजारची जागा...”

“तिथं तू छापून आणलेला लाव की. चांगला आलाय तो. सोफा रिकामा दिसायला नको, लोक विचारतील.” मग, मुलाला बाजारात काही आणायला सांगावे तशा स्वरात, “स्वल्प बाहेर बसा दोघं. कॉफी होऊ दे.”

ते बाहेर आले. मुग्धा स्वयंपाकघरात वळली. सुधींद्र सोफ्यावर बसला आणि सवयीने त्याने हाताखालची शिलाई अंगठ्याने चाचपली. आतल्या खोलीचे दार लागले. मग किल्ली फिरल्याचा आवाज झाला.

तो उठून उभा राहिला.

“लॉक झालं का?” मुग्धा दुधाचे भांडे घेऊन बाहेर डोकावली. “कधी कधी अडकतं ते. डुप्लिकेट आहे माझ्याकडे, आणू का?”

सुधींद्रने दाराकडे पाहिले. आतून कसलाही आवाज येत नव्हता. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि त्या खुर्चीवर कोणी टेकल्याचा.

“नको,” तो म्हणाला आणि खाली बसला.

मुग्धाने तीन कप आणून ठेवले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होते. दोघांनी आपापली कॉफी घेतली. तिसऱ्या कपावर साय धरायला लागली तेव्हा सुधींद्रने स्वतःच्या कपाखालची बशी काढून त्यावर झाकली.